चूक कुठल्या तारखेला शिरली? बॅकअपमधून चूक शोधायची आणि तेवढीच मागे घ्यायची

जुलैच्या १४ तारखेला संध्याकाळी बी-७०२ मधले काका पावत्यांची फाइल काखेत घेऊन माझ्याकडे आले. मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार. "मागील बाकी १८,५०० रुपये" अशी नोटीस त्यांना माझ्याच सहीने गेली होती.

"अहो, अकरा वर्षांत माझी एक पैसुद्धा मागे राहिलेली नाही. हे आलं कुठून?"

त्यांच्या पावत्या चोख होत्या. माझ्या एक्सेलच्या फाइलमध्ये मात्र त्यांच्या नावापुढे १८,५०० चा आकडा होता. आणि सगळ्यात घोर लावणारी गोष्ट म्हणजे ५६ सदनिकांच्या बाकीची एकूण बेरीज रुपयाचाही फरक न येता जुळत होती. बेरीज बरोबर, माणूस चुकीचा.

त्या रात्री दीड-दोन तासांत चूक सापडली आणि दुरुस्तही झाली, ती केवळ बॅकअपमुळे. आपल्याकडे बॅकअप म्हटलं की हार्ड डिस्क जळाल्यावरचा उपाय एवढंच डोक्यात येतं. पण डिस्क क्वचित जाते. आपल्या हातून चुका मात्र दर आठवड्याला होतात आणि बऱ्याचदा महिनाभर कळतसुद्धा नाहीत. रोजच्या रोज साठलेला बॅकअप हा तुमच्या कामाचा तारीखवार इतिहास असतो. तो वाचता आला, तर चूक नेमकी कधी शिरली हे कळतं आणि बाकीच्या कामाला धक्का न लावता तेवढीच चूक काढता येते. हा लेख ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी आहे.

आधी: तुमच्याकडे इतिहास आहे की नुसता आरसा?

पेन ड्राइव्हवर एकच प्रत ठेवून दर शनिवारी तिच्यावरच नवी प्रत चढवणं हा आरसा. मूळ फाइलमध्ये चूक शिरली की पुढच्या शनिवारी ती पेन ड्राइव्हवरही जाते. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचं सिंकही स्वभावाने आरसाच. तुम्ही इथे फाइल पुसली की तिथलीही जाते, तीसुद्धा काही सेकंदांत. या सेवा जुन्या आवृत्त्या ठेवतात, पण मर्यादित काळ. गूगल ड्राइव्हवर चढवलेल्या एक्सेल-वर्डसारख्या फायलींच्या जुन्या आवृत्त्या साधारणपणे ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत राहतात, आणि कचरापेटीतली फाइल ३० दिवसांनी कायमची जाते. माझी चूक छत्तीस दिवस जुनी निघाली. नुसत्या सिंकवर विसंबलो असतो तर चूक होण्याआधीची प्रत हाती लागलीच नसती.

इतिहास म्हणजे एकाच फाइलच्या वेगवेगळ्या तारखांच्या प्रती शेजारी शेजारी उभ्या असणं. तो नसेल तर आजच सुरू करा.

विंडोजमध्ये यासाठी फाइल हिस्टरी नावाची सोय विंडोज ८ पासून आहे. एक बाहेरची डिस्क जोडा, स्टार्टमध्ये फाइल हिस्टरी असं शोधा, कंट्रोल पॅनलमधलं पान उघडेल, तिथे ती चालू करा. मुळात ती दर तासाला बदललेल्या फायलींची नवी प्रत घेते आणि जुन्या प्रती आपणहून पुसत नाही. एक गोष्ट मात्र आवर्जून तपासा. ही सोय डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स अशा ठरलेल्या फोल्डरांनाच धरते. आपल्याकडे निम्म्याहून अधिक लोक सगळं काम डी ड्राइव्हवर ठेवतात, कारण सी ड्राइव्ह फॉरमॅट होतो हे कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं. डी ड्राइव्हवरचं फोल्डर लायब्ररीत जोडल्याशिवाय त्याचा बॅकअप होत नाही. फोल्डरवर उजवं बटण दाबून इन्क्लूड इन लायब्ररी निवडा. वर्षभर फाइल हिस्टरी चालू होती आणि हिशोबाचं फोल्डर तिच्यात नव्हतंच, असं मी दोन घरांत पाहिलं आहे.

मॅकवर टाइम मशीन आहे. ते गेल्या २४ तासांच्या तासागणिक, गेल्या महिन्याच्या रोजच्या आणि त्याआधीच्या आठवड्याच्या प्रती ठेवतं. डिस्क भरली की सगळ्यात जुन्या प्रती आधी जातात.

यातलं काहीच जमत नसेल तर हाताने करा. काम संपलं की फोल्डरची झिप करा आणि बाहेरच्या डिस्कवर टाका. नाव देताना तारीख उलटी लिहा: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, २०२५-०६-०८ अशी. आपल्या सवयीप्रमाणे ०८-०६-२०२५ लिहिलंत तर यादीत सगळ्या महिन्यांच्या आठ तारखा एकाखाली एक येतात आणि शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

माझ्याकडे दोन्ही होतं. फाइल हिस्टरी चालू होती, आणि भाच्याने टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप करणारी विंडोजची सोय) लावून दिलेली एक छोटी बॅच फाइल, म्हणजे आज्ञांची यादी, रोज रात्री दहा वाजता हिशोबाचं फोल्डर तारखेच्या नावाने बाहेरच्या डिस्कवर टाकत होती. फाइल काही शे केबीची. वर्षभराच्या ३६५ प्रती ठेवल्या तरी डिस्कला पत्ता लागत नाही.

पायरी १: हात थांबवा

चूक दिसली की पहिली ऊर्मी येते ती आकडा तिथल्या तिथे खोडून बरोबर करण्याची. करू नका. काकांच्या नावापुढे मी शून्य टाकलं असतं तर त्यांचा प्रश्न मिटला असता, पण ते १८,५०० ज्यांचे होते त्यांचं काय? आणि अशा किती ओळी बिघडल्यात हे कधीच कळलं नसतं.

दुसरी ऊर्मी जुनी प्रत काढून सरळ वर चढवण्याची. तीही नको. जुन्या प्रतीत चूक नसेल, पण नंतरचं महिनाभराचं खरं कामही नसेल.

फाइल बंद करा. आहे त्या बिघडलेल्या अवस्थेत तिची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, नावात "बिघडलेली" आणि आजची तारीख लिहा. ही प्रत पुढे लागणार आहे. घरात किंवा ऑफिसात त्याच फाइलवर अजून कोणी काम करत असेल तर त्यालाही थांबवा. क्लाउडवर ३० दिवसांची मुदत जवळ आली असेल तर तिथली सगळ्यात जुनी आवृत्ती आधी उतरवून घ्या.

पायरी २: एक प्रश्न ठरवा

आता जुन्या प्रती एकेक उघडून "बरी आहे का" असं बघत बसलात तर रात्र जाईल आणि खात्रीही होणार नाही. त्याऐवजी एकच प्रश्न ठरवा. त्याचं उत्तर हो किंवा नाही असंच यावं आणि फाइल उघडल्यापासून अर्ध्या मिनिटात मिळावं.

प्रश्न निवडण्यातच सगळं कौशल्य आहे. "बेरीज जुळते का?" हा प्रश्न माझ्या कामाचा नव्हता, कारण ती बिघडलेल्या फाइलमध्येही जुळत होती. ज्याची बाकी महिन्यागणिक बदलते अशा सभासदाचा आकडाही उपयोगाचा नव्हता, कारण मग प्रत्येक तारखेला बरोबर आकडा काय असायला हवा होता हे आधी शोधावं लागलं असतं. काका वेळेवर भरणारे. त्यांची मागील बाकी कुठल्याही तारखेला शून्यच हवी. म्हणून माझा प्रश्न होता: बी-७०२ पुढे शून्य आहे का? ज्याचं बरोबर उत्तर तारखेनुसार बदलत नाही, असा प्रश्न शोधा.

पायरी ३: निम्मं-निम्मं करत जा

मला दोन टोकं माहीत होती. १ एप्रिलची प्रत नक्की बरोबर, कारण त्या दिवशीच्या सुरुवातीच्या शिलका मी एकेक करून ताडून घेतल्या होत्या. १४ जुलैची नक्की चूक. मध्ये शंभरावर प्रती. एप्रिलपासून एकेक उघडत पुढे यायचं नाही. मधली उघडायची. ती बरोबर निघाली तर चूक पुढच्या अर्ध्यात, चूक निघाली तर मागच्या अर्ध्यात. उरलेल्या अर्ध्याची पुन्हा मधली. शब्दकोशात शब्द शोधताना आपण हेच करतो.

माझी तपासणी अशी झाली. २३ मे, शून्य, बरोबर. १८ जून, १८,५००, चूक. ५ जून, बरोबर. ११ जून, चूक. ८ जून, चूक. ६ जून, बरोबर. ७ जून, बरोबर. झालं. ७ जूनच्या रात्री फाइल ठीक होती, ८ जूनच्या रात्री बिघडलेली होती. सात प्रती उघडल्या, दहा मिनिटंही लागली नाहीत. प्रत्येक तपासणीला उरलेल्या प्रती निम्म्या होतात, म्हणून १२८ प्रती असल्या तरी सात तपासण्या पुरतात आणि हजार असल्या तरी दहा. प्रोग्रामर मंडळी गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये बायसेक्ट नावाच्या आज्ञेने नेमकं हेच करतात.

प्रत्येक तपासणी कागदावर लिहा: तारीख आणि उत्तर. चौथ्या-पाचव्या पायरीला कुठला अर्धा उरला हे डोक्यात राहत नाही. जुन्या प्रती उघडताना सेव्ह दाबू नका. आधी दुसरीकडे कॉपी करा आणि ती कॉपी उघडा.

या पद्धतीला एक अट आहे: चूक एकदा शिरली की ती टिकून राहिलेली हवी. मधेच दुरुस्त होऊन पुन्हा झालेली असेल, तर निम्मं-निम्मं करताना तुम्ही कुठल्यातरी एकाच वेळेवर पोचाल. म्हणून तारीख सापडल्यावर तिच्या आधीच्या दोन-तीन प्रती उगीचच उघडून बघा.

दिवस सापडला की तास शोधता येतो. बाहेरच्या डिस्कवरच्या फाइलहिस्टरी फोल्डरात प्रत्येक प्रतीच्या नावाला वेळ जोडलेली असते, उदाहरणार्थ "मेंटेनन्स (२०२५_०६_०८ १०_४०_१२ यूटीसी)". ही वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. भारतातल्या घड्याळासाठी साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे हे दुपारचे ४ वाजून १० मिनिटं. मी आधी हे विसरलो आणि सकाळी पावणेअकराला मी तर घरीच नव्हतो म्हणून चक्रावलो. ४:१० ची प्रत बरोबर होती, ५:१० ची चूक.

पायरी ४: दोन प्रती शेजारी ठेवा

आता चुकीच्या लगेच आधीची आणि लगेच नंतरची अशा दोन प्रती हातात आहेत. मध्ये फक्त एक तासाचं काम. इथे चूक लपूच शकत नाही.

एक्सेलसाठी मी साधा उपाय करतो. नव्या कोऱ्या फाइलमध्ये सदनिका क्रमांक, शेजारी आधीची बाकी, त्याच्या शेजारी नंतरची बाकी आणि चौथ्या रकान्यात दोघांची वजाबाकी. जिथे शून्य नाही तिथे बदल झालेला आहे. पण मला वजाबाकीपर्यंत जावंच लागलं नाही. ५:१० च्या प्रतीतला बाकीचा रकाना वरून खाली नुसता वाचला: शून्य, शून्य, शून्य, अशी सलग ४१ शून्यं, मग १,८५०, १,८५०, ३,७००, ५,५५०, आणि अगदी तळाला १८,५००, २२,२००, २७,७५०. आकडे चढत्या क्रमाने लागलेले. ए विंगमध्ये एकही थकबाकीदार नाही आणि बी विंगमध्ये ४०२ पासून वर सगळेच थकबाकीदार!

म्हणजे त्या रविवारी दुपारी सगळ्यात जास्त बाकी कोणाची हे बघायला मी फक्त बाकीचा रकाना निवडून सॉर्ट केला होता. अशा वेळी एक्सेल विचारतं, शेजारचे रकानेही बरोबर हलवू का? तिथे एक्सपँड द सिलेक्शन निवडायचं असतं. मी दुसरा पर्याय दाबला. नावं जागेवर राहिली, रकमा हलल्या. जुलैपर्यंत पावत्या नोंदवताना काही आकडे बदलले आणि तो चढता क्रम मोडला, म्हणून ताज्या फाइलमध्ये काहीच लक्षात येत नव्हतं. खूण मात्र एक मिळाली होती. जूनअखेर ए-१०४ पुढे वजा ५,५५० दिसत होते आणि मी ते आगाऊ भरणा समजून पुढे गेलो होतो. न समजणारा आकडा दिसला की त्याच दिवशी जुन्या प्रतीशी ताडून बघा, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

वर्डच्या फायलींसाठी रिव्ह्यू टॅबमध्ये कंपेअर आहे. जुनी फाइल मूळ म्हणून द्यायची, नवी सुधारित म्हणून. सगळे फरक रंगात दिसतात. लिब्रेऑफिसमध्येही एडिट मेनूखाली दस्तऐवजांची अशी तुलना होते. साध्या मजकुराच्या फायली आणि अख्खी फोल्डरं ताडून बघायला विनमर्ज हा मोफत प्रोग्राम उत्तम आहे. कुठल्या फायली गायब झाल्या आणि कुठल्या बदलल्या हे तो एका यादीत दाखवतो.

पायरी ५: तेवढीच चूक उपटा

नवशिके इथे सगळ्यात जास्त घसरतात. विंडोजमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रीव्हियस व्हर्जन्स असा टॅब असतो आणि त्यात रिस्टोअरचं बटण. ते दाबलं की जुनी प्रत आजच्या फाइलच्या जागी येते. मी ते दाबलं असतं तर ८ जून ते १४ जुलै या काळातल्या पावत्यांच्या सगळ्या नोंदी गेल्या असत्या. ते बटण दाबायची गरज नाही. जुनी प्रत नुसती उघडा आणि वेगळ्या नावाने जपून ठेवा.

आता तीन आकडे लागतात: चुकीआधीचा, चुकीनंतर लगेचचा आणि आजचा. आजच्यातून चुकीनंतरचा वजा केला की त्या काळात खरोखर झालेलं काम उरतं. ते चुकीआधीच्या आकड्यात मिळवलं की आजचा खरा आकडा येतो.

ए-१०४ चं उदाहरण घ्या. चुकीआधी बाकी ५,५५०. सॉर्टनंतर तिथे आले शून्य. जूनमध्ये त्यांनी ५,५५० भरले, म्हणून आज वजा ५,५५०. आज वजा चुकीनंतरचा, म्हणजे वजा ५,५५०. ते मूळ ५,५५० मध्ये मिळवले की शून्य. बरोबर, त्यांचं काही देणं उरलेलं नाही. बी-७०२ चं बघा: आधी शून्य, नंतर १८,५००, आज १८,५००. मधला फरक शून्य, म्हणून खरी बाकी शून्य. हे एकच सूत्र ५६ ओळींना खाली ओढलं आणि रकाना तयार झाला.

बेरजेवर मात्र इथेही विसंबू नका, ती तर आधीपासूनच जुळत होती. त्या काळात नऊ पावत्या फाडल्या होत्या. मी नऊही पावतीपुस्तकाशी आणि बँकेच्या उताऱ्याशी लावून पाहिल्या.

मजकुरातली चूक याहून किचकट असते. शाळेच्या स्मरणिकेचं काम करणाऱ्या एका मैत्रिणीने सगळीकडे "विद्यालय" बदलून "शाळा" केलं, एका झटक्यात, रिप्लेस ऑलने. "महाविद्यालय" चं "महाशाळा" झालं. "विद्यालयात" चं "शाळाात" झालं, दोन काने एकाला एक चिकटलेले. आपल्या भाषेत शब्दाला प्रत्यय जोडून येतात, त्यामुळे रिप्लेस ऑल मराठी मजकुरात फार नासधूस करतं. आणि हे उलटं फिरवताही येत नाही, कारण मुळातच "शाळा" असलेले शब्द कुठले आणि नंतर झालेले कुठले हे नव्या फाइलला माहीत नसतं. फक्त जुन्या प्रतीला माहीत असतं. तिने आदल्या दिवशीची प्रत मूळ धरून वर्डमध्ये तुलना केली, बदललेल्या जागी रिजेक्ट आणि स्वतः नंतर लिहिलेल्या परिच्छेदांना अॅक्सेप्ट. दुपार गेली, पण सत्तर पानं पुन्हा वाचण्यापेक्षा ते बरं.

फोटो किंवा पुसलेल्या फायलींचं काम सोपं. कोणत्या तारखेच्या प्रतीत त्या शेवटच्या दिसतात ते बघा आणि तिथून कॉपी करून आणा.

गूगल शीट्स वापरत असाल तर आणखी एक सोय आहे. एखाद्या चौकटीवर उजवं बटण दाबून शो एडिट हिस्टरी निवडलं की त्या चौकटीतला आकडा कोणी, कधी बदलला हे दिसतं. बऱ्याचदा निम्मं-निम्मं करण्याची गरजच पडत नाही.

प्रती किती दिवस ठेवायच्या, आणि त्या उघडतात का?

चूक उशिरा कळते. हिशोबात ती बिलं निघताना, नाहीतर थेट लेखापरीक्षणात कळते. म्हणून रोजच्या ७, आठवड्याच्या ४ आणि महिन्याच्या १२ प्रती हा किमान हिशोब धरा. आधीचं विरळ झालं की निम्मं-निम्मं करून तारीख सापडणार नाही, महिनाच सापडेल, तरी तेवढंही पुष्कळ. फायली लहान असतील तर एकही प्रत पुसू नका. ३१ मार्चची प्रत तर वेगळीच काढून ठेवा. आपलं आर्थिक वर्ष त्या दिवशी संपतं आणि जागतिक बॅकअप दिनही नेमका त्याच तारखेला असतो, लक्षात ठेवायला सोपं. बाहेरची डिस्क काम झालं की काढून ठेवा. खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या डिस्कवरच्या प्रतीही कुलूपबंद करतो.

आणि महिन्यातून एकदा कुठलीही एक जुनी प्रत प्रत्यक्ष उघडून बघा. ३१ जानेवारी २०१७ ला प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसचा साठा पुसला गेला. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं. त्यांच्याकडे कागदावर पाच प्रकारचे बॅकअप होते. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नसल्याने कित्येक दिवस बंद पडलेला होता, आणि बंद पडल्याच्या सूचनेच्या ईमेल मध्येच नाकारल्या जात होत्या. शेवटी त्याच अभियंत्याने चाचणीसाठी सहा तास आधी सहज घेतलेली एक प्रत कामी आली. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. त्या मंडळींनी सगळी दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली आणि काय चुकलं ते सविस्तर लिहून जाहीर केलं. त्यांच्या या प्रांजळपणाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

शेवटचं काम: हिशोबाच्या फोल्डरमध्ये "दुरुस्त्या" नावाची एक साधी मजकुराची फाइल ठेवा. माझ्या फाइलमधली पहिली नोंद अशी आहे: "८ जून, दुपारी ४:१० ते ५:१० च्या दरम्यान, फक्त बाकीचा रकाना सॉर्ट झाला. १४ जुलैला ध्यानात आलं. तीन प्रतींवरून ५६ ओळी पुन्हा मांडल्या, नऊ पावत्या ताडल्या. तीन चुकीच्या नोटिसा मागे घेतल्या." तिची छापील प्रत मी दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या उताऱ्यासह काकांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली आणि आपल्या पावत्यांच्या फाइलमध्ये लावली.